विंझर स्टँडचा फळा आणि आक्काच्या पाटल्या

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. मागं एकानं हा किस्सा ऐकताना पांढऱ्या पायजम्यावर कप सांडला आणि त्याच्या बायकोची बोलणी मी खाल्ली! आता गाढवपणा कोण करत नाही? सगळेच करतात. पण मी केलेला गाढवपणा मी खडूनं मोठ्या अक्षरात लिहिला, त्याच्याभोवती वेलबुट्टी काढली, आणि तेवढ्यानं पोट भरलं नाही म्हणून फोन करूनही कळवला.

आमच्या खोऱ्यात मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. विंझरला एसटी स्टँडला लागून माझं दुकान. वह्या, पेनं, गोळ्या-बिस्किटं आणि पेपरची एजन्सी. दुकानाच्या भिंतीवर तरुण मंडळानं एक फळा करून दिलेला. सकाळच्या गाडीनं पेपरचा गठ्ठा आला की त्यातली मोठी बातमी मी त्या फळ्यावर लिहायची. पगार नाही काही नाही, पण मान बघा! वेल्ह्याकडं जाणारी प्रत्येक एसटी माझ्या फळ्यासमोर थांबायची. कंडक्टर वाचायचा, ड्रायव्हर वाचायचा, खिडकीतली माणसं एकमेकांना वाचून दाखवायची. गाडी पुढं वेल्ह्याला, तिथनं बातमी दुधाच्या टेम्पोनं थेट पासलीपर्यंत. सकाळी मी लिहिलेलं दुपारच्या भाकरीबरोबर पासलीत खाल्लं जायचं.

पण फळ्याची एक अडचण असते. जागा! मोठं अक्षर काढलं तर सात-आठ शब्दांत सगळं जग बसवावं लागतं. तिथं माझी कला. पेपरात काय, कुणीही लांबलचक लिहील. सात शब्दांत गाडीतला माणूस खाली उतरून पेपर विकत घेईल असं लिहून दाखवा!

तर झालं असं, की एके दिवशी पेपरात आतल्या पानावर, कोपऱ्यात, बोटभर बातमी होती. लांब कुठल्याशा शहरात एका सराफाच्या दुकानातून दोन अंगठ्या गेल्या. त्या वेळी दुकानात एक परदेशी बाई आणि पुरुष होते. पोलिसांना संशय आहे, चौकशी चालू आहे. बास, एवढंच.

आता यात फळ्यावर लिहिण्यासारखं काय होतं? पण त्या दिवशी दुसरी बातमीच नव्हती हो! मग मी बसलो घडवायला. 'संशय' काढला, त्यानं जोर जातो. 'चौकशी' काढली, ती तर आपल्याकडं कायमच चालू असते. शहराचं नाव घालणार होतो, पण ते घातलं असतं तर 'सावधान'ला जागा उरली नसती. शेवटी लाल खडूनं लिहिलं:

'परदेशी जोडपी फिरतायत! सोनं लंपास! सावधान!!'

भोवती पिवळ्या खडूनं वेल काढली. चार कोपऱ्यांत चार फुलं.

माझी बायको सुमन केर काढत होती. तिनं वाचलं आणि विचारलं, "अवो, कुठं फिरत्यात?"

"पेपरात आहे सगळं."

"मंग हितं का लिव्हलं न्हाई?"

"जागा नाही."

"फुलं काढाया जागा हाय," ती म्हणाली आणि केर भरून आत गेली.

दहाच्या आत गठ्ठा संपला! नेहमी निम्मे पेपर संध्याकाळी वडे बांधायला जायचे. एवढी चाललेली बातमी पुसायला माझा हात होईना. दुसऱ्या दिवसापासून खालची छोटी बातमी बदलायचो, वरची तशीच. फार तर फुलांना नवा रंग.

त्याआधी आमच्याकडं गोऱ्या माणसांची कुणाला भीती होती का? छे! तोरणा चढायला वर्षातनं पाच-सात जण यायचे. लेकरं मागं पळायची, बाया ताक द्यायच्या, म्हातारे त्यांच्या पाठीवरच्या पिशव्यांचं वजन करून बघायचे. माझा फळा झाला आणि आठवड्यात चित्र पालटलं. वेल्ह्याच्या बाजारात एक बाई शपथेवर सांगत होती, की ते लोक आरसा दाखवतात, मग आपणच आपल्या हातानं डोरलं काढून देतो. मंगळसूत्रं पदराखाली गेली. आमच्या सुमननं कानातले काढून तांदळाच्या डब्यात टाकले आणि नंतर दोन दिवस प्रत्येक घासाला दात सांभाळून जेवलो आम्ही.

मला वाईट वाटलं असेल असं वाटतंय तुम्हाला? अजिबात नाही. मी खूश! आपलं लिहिलेलं लोक एवढं मनावर घेतात म्हटल्यावर छाती फुगणार नाही तर काय!

आणि अशात एके दुपारी वेल्ह्याची गाडी ऐन स्टँडवर पंक्चर झाली. सगळे खाली उतरले. शेवटी उतरले दोघं. एक बाई, एक बुवा. दोघं ताडमाड उंच, उन्हानं लालबुंद, पाठीवर बोचकी. परदेशी. आणि जोडपं!

पुढं काय झालं ऐका. समोरच्या हॉटेलवाल्यानं त्यांना चहाला नाही म्हटलं. "दूध संपलं," म्हणाला. त्याच्या पाठीमागं पातेल्यातलं दूध उतू जाऊन स्टो विझला, पण गडी मागं वळला नाही. नसरापूरच्या सलीमभाईची जीप तिथंच उभी होती, वेल्ह्याच्या शिटा भरत. बुवा जीपकडं निघाला तसा सलीमभाई म्हणाला, "गाडी खराब हाय," आणि ती खराब गाडी सुरू करून रिकामीच नसरापूरकडं घेऊन गेला.

मग ती दोघं आली माझ्या दुकानाशी. आणि बाई फळ्यासमोर उभी राहिली. तिला काय वाचता येतंय? वेल बघितली, फुलं बघितली, लाल अक्षरं बघितली, आणि तिला वाटलं हे पाहुण्यांच्या स्वागताचं आहे! तिनं फळ्याला हात जोडले हो! "नमस्कार," म्हणाली. मग कॅमेरा काढून बरोबरच्या बुवाकडं दिला आणि मला खुणेनं बोलावलं. मी गेलो. शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला, आणि 'सोनं लंपास'च्या खाली त्या बाईशेजारी उभा राहून फोटो काढून घेतला. मनात म्हटलं, असू दे, पुढं पोलिसांच्या उपयोगी पडेल. फोटो त्यांच्याच कॅमेऱ्यात राहणार, हे काही डोक्यात आलं नाही.

मग बाईनं विचारलं, "पासली?"

मी म्हटलं, "येस. फार. व्हाय?"

"सुनील. सुनील मदर. हाऊस," ती म्हणाली आणि गोड हसली.

पासलीत सुनीलची आई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, आक्का! माझा भाचा सुनील डिप्लोमा करून पुण्याच्या कंपनीत लागलेला, आणि कंपनीनं त्याला जर्मनीला पाठवलेलं. पोरगं सुट्टीवर येणार, कधीतरी लग्न काढणार, म्हणून आक्कानं स्वतःच्या जुन्या बांगड्या मोडून भोरच्या सोनाराकडं नव्या पाटल्या करून घेतलेल्या. एवढं मला माहीत होतं. मी म्हटलं, बघा! टोळी किती तयारीनं आलीय! घराची नावंसुद्धा पाठ!

आता तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, भाचा जर्मनीत, ही बाई गोरी, नाव त्याचं घेतेय, दोन आणि दोन करायला तुझं काय जात होतं? बरोबर आहे तुमचं. पण फळ्यावर लिहिलेलं होतं ना! सगळ्या खोऱ्यानं त्याच्यावर विश्वास ठेवला होता, मग मीच तेवढा का मागं राहू?

सुमन आतनं म्हणाली, "अवो, ऊन किती हाय, त्यांस्नी पाणी तरी इचारा."

"तू आतच थांब! आणि तांदळाचा डबा बघ आपला!"

तेवढ्यात गाडीचं चाक बसलं. दोघं चढली, बाईनं खिडकीतनं मला हात केला. गाडी वळणाआड गेली आणि मी धावत फोनपाशी. पासलीत तेव्हा एकच फोन, धोंडिबा दुकानदाराकडं. त्याला म्हटलं, आक्काला हाक मार, जिवाशी गाठ आहे. पंधरा मिनिटांनी पुन्हा लावला तेव्हा आक्का धापा टाकत फोनवर आली.

"आक्का, नीट ऐक. दोन परदेशी माणसं तुझ्याकडं निघालीत. सुनीलचं नाव घेतील. दार उघडू नको!"

आक्का हळू आवाजात म्हणाली, "दोनच? बाई हाय त्यात?"

"बाई आणि तिचा नवरा."

"नवरा? दत्त्या, तुला कुणी सांगितलं नवरा म्हणून?"

"सांगायला कशाला पाहिजे? जोडपं आहे ते! एका बाटलीतनं पाणी पितात. तू आधी पाटल्या लपव!"

तिकडनं कसलासा आवाज आला. हुंदक्यासारखा. आणि फोन ठेवला. मला वाटलं, भ्याली बिचारी. बहिणीचं घर वाचवलं म्हणून त्या आनंदात मी एक बिस्किटाचा पुडा फोडला आणि स्वतःच खाल्ला.

चारच्या सुमाराला सलीमभाईची जीप परत आली. आतनं कोण उतरावं? आमचा सुनील! गोरा झालेला, अंगानं भरलेला, हातात भोरच्या सोनाराची डबी आणि पेढ्यांचं खोकं. येऊन माझ्या पाया पडला.

"अरे सुनील! कधी आलास? कळवायचं तरी!"

"मामा, रागावू नका. सांगणारच हुतो, पण..." पोरगं लाजलं. "लग्न करतोय. मुलगी तिकडची हाय. क्लारा तिचं नाव. आई वर्षभर न्हाई म्हणत हुती, आत्ता कुठं व्हय म्हणली. दुपारी तिला आन् तिच्या भावाला नसरापूरला गाडीत बसवून दिलं आन् म्या भोरला मंगळसूत्र आणाया गेलो. हितनंच गेली असतील, दिसली का तुमास्नी?"

माझ्या तोंडात बिस्किट होतं, ते तिथंच राहिलं. सुनीलची नजर माझ्या खांद्यावरून फळ्याकडं गेली. त्यानं एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"मामा," तो म्हणाला, "ह्ये कुणी लिव्हलं?"

सुमननं आतनं उत्तर दिलं, "फुलं बी त्यांनीच काढल्यात!"

"पण तुम्हाला मला आधी सांगायला काय झालं होतं?" मी उलट त्याच्यावरच चढलो. चुकलेल्या माणसाचा आवाज आपोआप वाढतो, बघा.

"आईच म्हणली, मामाला सगळ्यात शेवटी सांगू. न्हाईतर फळ्यावर लिव्हील."

घ्या!

फोनची गोष्ट सांगितली तेव्हा सुनील खालीच बसला. "मामा, आईला म्या म्हणलं हुतं, तिचा भाऊ येतोय. तुमी नवरा म्हणून सांगितलंत? आता ती क्लाराला उभं करायची न्हाई घरात. वर्ष घालवलं वो मी तिला तयार करायला." पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघालो जीपनं. पासलीच्या चढावर सलीमभाई स्टेअरिंगकडं बघत म्हणाला, "दत्तूशेठ, म्या बी नडलो त्या पाव्हण्यांस्नी. तुमचा फळा वाचून. आवो, आमच्या लोकांचं कुठं काय छापून आलं, की स्टँडवरची माणसं दोन दिवस माझ्या जीपमंदी बसताना इचार करत्यात. तवा मला राग येतो. आन् आज मीच तेच केलं की!" मी खिडकीतनं बाहेर भातखाचरं बघत राहिलो.

पासलीत पोचलो तर आक्काच्या अंगणाबाहेर अर्धं गाव. दोघा-तिघांच्या हातात काठ्या. आक्काचं दार बंद. आणि समोर उंबराखाली दगडावर ती दोघं बसलेली, बोचकी पायाशी, तोंडं सुकलेली. वेल्ह्यातनं दुधाच्या टेम्पोवाल्यानं दया येऊन आणून सोडलेलं, पण इथं घोटभर पाणी द्यायला कुणी पुढं येईना. सुनीलला बघितल्यावर क्लारा उठली आणि रडायलाच लागली.

सुनीलनं दार ठोठावलं. "आई, दार उघड. तिचा भाऊ हाय त्यो!"

आतनं आक्का कडाडली, "तुला बी भुरळ घातलीय! सख्खा मामा खोटं बोलंल व्हय? त्यानं डोळ्यानं बघितलंय!"

मी पुढं झालो. "आक्का, मी काही बघितलं नव्हतं. मला वाटलं. चुकलं माझं."

"दोनदा फोन करून वाटलं?"

तेवढ्यात मागं गलका झाला. बघतो तर त्या बुवानं, म्हणजे योनासनं, बाटलीत तळाला राहिलेलं पाणी बहिणीला दिलं होतं. तिनं रागानं बाटली ढकलली, पाणी त्याच्याच अंगावर. त्यानं तिच्या डोक्यावरची टोपी काढून उंबराच्या फांदीवर फेकली. तिनं पायातली चप्पल काढून त्याच्या पाठीत घातली, दाणकन! तो तोंड वेंगाडून तिची रडण्याची नक्कल करायला लागला. ती हसली, पुन्हा रडली, आणि मग त्यानं आपल्या शर्टाच्या बाहीनं तिचं नाक पुसलं.

खिडकीची फळी किलकिली झालेली मी बघितली. आत आक्काचा एक डोळा.

थोड्या वेळानं कडी निघाली. आक्का उंबऱ्यात उभी राहिली आणि काठीवाल्यांना म्हणाली, "जावा घरी. नवरा-बायकू कवा एकमेकाचं नाक पुसत्यात का? ही भावंडं हायत."

सगळं अंगण हसलं. आक्का भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. दोघांवरनं तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, दोघांना आत घेतलं. मला कुणी आत या म्हटलं नाही. मी आपला सलीमभाईच्या मागनं गेलो.

चहा झाला. आक्कानं क्लाराची हनुवटी धरून तोंड इकडं-तिकडं फिरवून बघितलं, आणि मग कपाळाला हात लावला. "अगं बाई! पाटल्या!"

माझा फोन आल्याबरोबर तिनं पाटल्या फडक्यात बांधून भाताच्या कणगीत खुपसल्या होत्या. मघाशी हाताला लागत होत्या, आता खाली सरकलेल्या. आक्कानं हात घातला, पुरेना. सुनीलनं घातला, पुरेना. मी घातला, तर खांद्यापर्यंत आत गेलो आणि नाकात तूस जाऊन शिंकत बाहेर आलो. शेवटी सगळ्यांची नजर एकाच माणसाकडं गेली. योनासचे हात म्हणजे विहिरीचा दोर! त्यानं बाही वर केली, कणगीत वाकला, थोडा वेळ चाचपडला, आणि फडकं वर काढलं. दारात गाव उभं. परदेशी माणसाच्या हातात आक्काचं सोनं! त्यानं ते उघडूनसुद्धा बघितलं नाही. दोन्ही हातांनी आक्काला दिलं आणि केसांतला भुसा झाडत बसला.

आक्कानं तिथंच क्लाराच्या हातांत पाटल्या चढवल्या. घट्ट होत होत्या, तेल लावून चढवल्या. मग माझ्याकडं वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सावकाश म्हणाली, "दत्त्या, ह्या पोरीच्या पाठीशी तिचा भाऊ समिंदर वलांडून आला. आन् माझा भाऊ हितं विंझरात. त्यानं काय केलं?"

मी त्या रात्री जेवलो नाही म्हणजे बघा, आणि आक्काकडं त्या दिवशी मटण होतं.

चार दिवसांनी लग्न लागलं. अक्षता पडल्या आणि कुणीतरी ओरडलं, "कानपिळी राहिली! नवरीच्या भावाला बोलवा!" आमच्याकडं नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, 'माझ्या बहिणीला नीट वागव' म्हणून, आणि मग त्या भावाला मानाचा फेटा बांधायचा. सुनीलनं योनासला समजावून सांगितलं. तो बिचारा दोन बोटं पुढं करून लाजत-लाजत सुनीलच्या कानाकडं निघाला.

"थांब रं बाळा," आक्का म्हणाली. त्याचं मनगट धरलं आणि माझ्या कानाशी आणून ठेवलं. "आधी ह्यो."

त्यानं हळूच धरला.

"जोर लाव!"

लावला! सगळ्या मांडवासमोर, भाचेसुनेसमोर, सलीमभाईसमोर! हसून हसून वाजंत्रीवाल्याच्या तोंडातली सनई निसटली. सुमन तर पदर तोंडात कोंबून बसली होती. मग रीतीप्रमाणं फेटाही मीच बांधला त्याला, एक कान लालभडक झालेला असताना.

फेटा बांधून झाल्यावर योनास सुनीलला काहीतरी विचारायला लागला. माझ्याकडं बोट दाखवत, अगदी मनापासून.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

सुनील म्हणाला, "मामा, त्यो इचारतोय, तुमच्यात बहिणीसाठी भावानं अजून काय काय करायचं असतं? तुमी आईचे भाऊ, तुमास्नी चांगलं ठावं असंल म्हणतोय."

मी सांगायला तोंड उघडलं. समोर आक्का उभी होती, हातात अक्षतांचं ताट घेऊन. ती नुसती बघत होती, मी काय सांगतोय ते.

मी म्हटलं, "त्याला म्हणावं, तूच सांग बाबा. मी ऐकतो."